एका जुन्या वाचकाचं मत

टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एका प्रकाशनाचं ऑफिस होतं, आणि रबराचा वास जिना चढून थेट संपादकबाईंच्या टेबलापर्यंत जायचा. त्या वासात गेली चौदा वर्षं एक माणूस रोज सकाळी पाकिटं फोडत बसायचा. ऑफिसात त्याला सगळे ‘पत्रवाले’ म्हणत. थोरला भाऊ मात्र बावन्नाव्या वर्षीही त्याला ‘बारक्या’ म्हणायचा, म्हणून आपणही त्याला बारक्याच म्हणू. माणूस गायीसारखा गरीब. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच ‘सॉरी’ म्हणायचा, आणि मग दोन दिवस घरी त्या पायाचा विचार करत बसायचा.

ऑफिसातून दर महिन्याला ‘धुमसणारे’ नावाचं कॉमिक निघायचं. त्यात चार माणसं, चौघंही महासंतापी. राग आला की त्यांच्या अंगात शक्ती येई, आणि राग यायला त्यांना फार काही लागत नसे. घण नावाचा गडी चिडला की त्याचे हात लोखंडाचे व्हायचे, आणि दोषी माणसाच्या घराबरोबर तो शेजाऱ्याच्याही दोन भिंती पाडून यायचा. अबोल नावाची बाई वर्षानुवर्षं तोंडातून ब्र काढायची नाही आणि एक दिवस सबंध रस्त्याच्या काचा फुटायच्या. यांना नायक म्हणावं तर करणी तशी नव्हती, खलनायक म्हणावं तर वाचकांचा त्यांच्यावर पोटच्या पोरांसारखा जीव होता.

अंकाची शेवटची दोन पानं म्हणजे ‘तुमचं मत’, आणि ती बारक्याची जहागीर. एक निवृत्त शिंपी दर महिन्याला घणच्या कोटाची शिवण चुकली म्हणून कळवायचा. एका नर्सबाईंचं म्हणणं, घणनं धरण फोडलं ते ठीक, पण खालच्या वस्तीतल्या लोकांची मलमपट्टी कुणी केली ते का नाही दाखवत? एक शाळकरी मुलगी चौघांना गुण द्यायची आणि अबोलला नेहमी शंभरपैकी एकशे दहा. आणि एक गृहस्थ फक्त एवढंच लिहायचे: ‘या वेळी राग कमी पडला.’

पण बहुतेक पत्रं कौतुकाची, आणि नुसतं कौतुक छापलं की पान पुचाट दिसतं. म्हणून संपादकबाईंचा एक नियम होता. “पानावर एक तरी मिरची हवी,” त्या म्हणायच्या. “कुठून आणता ते मला सांगू नका.” वाचकांनी मिरची पाठवली नाही की बारक्या स्वतःच पिकवायचा. खाली सही ‘एक जुना वाचक’. हा जुना वाचक तसा निरुपद्रवी होता. मागच्या अंकात घणचा डावा बूट फाटला होता, या अंकात उजवा कसा? खिडकीबाहेर चंद्र दोनदा का उगवला? असलं काहीतरी.

गंमत म्हणजे या जुन्या वाचकावर सगळ्यांत जास्त जीव होता तो दादाचा. दादा म्हणजे बारक्याचा थोरला भाऊ, ‘धुमसणारे’चा चित्रकार. अंक आला की तो आधी शेवटचं पान उघडायचा. “हा म्हातारा बघ, काय नजर आहे!” म्हणून पान बायकोला दाखवायचा. बारक्या समोर बसून चहा पीत असायचा आणि त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. आयुष्यात दादानं त्याचं कौतुक केलं ते एवढंच, तेही न कळता.

दादा पेन्सिलनं पानं काढायचा आणि त्यावर शाई चढवायची त्याची मुलगी. बाप-लेक एकाच खोलीत, खिडकीशी दोन तिरपी टेबलं लावून, पाठीला पाठ करून बसायचे. गेलं वर्षभर दादाचा उजवा हात थरथरत होता. पेन्सिलची रेघ आता सरळ येत नसे. मुंगी चालल्यासारखी वेडीवाकडी जायची. पोरगी त्यावर ब्रश फिरवताना रेघ सरळ करून घ्यायची. छापलेल्या अंकात पाहाल तर घणच्या मुठी पूर्वीइतक्याच ठाशीव. घरात यावर कुणी बोलत नसे. एकदा बारक्या अचानक आत आला तेव्हा दादानं हात टेबलाखाली घेतला, आणि त्याच्या पाठीमागून पोरीनं काकाकडे पाहून नुसती मान हलवली. काका समजला. समजून घेण्यात तो पहिल्यापासून हुशार.

आणि मग तो रविवार आला. दादाकडे दुपारच्या जेवणाला चार पाहुणे होते, त्यात एकानं विचारलं, अबोल तुम्हाला सुचली कशी? दादा म्हणाला, “आंघोळीला बसलो होतो, आणि एकदम डोळ्यांसमोर उभी राहिली.” अबोल त्याला कुठल्याही आंघोळीत सुचली नव्हती. ती बारक्याला सुचली होती. अठरा वर्षांपूर्वी, याच जेवणाच्या टेबलाशी, त्यानं दादाला ती सगळी सांगितली होती, काचांसकट. बारक्या मान खाली घालून जेवत राहिला. मग पाहुण्यानं त्याच्याकडे वळून विचारलं, “आणि आपण काय करता?” तो तोंड उघडेपर्यंत दादाच म्हणाला, “हा? हा लोकांची पाकिटं फोडतो. पोस्टमन झाला असता तर निदान सायकल तरी मिळाली असती!” सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली. बारक्याही हसला, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

सोमवारी सकाळी पानाला एक पत्र कमी होतं आणि छपाईला जायला एक तास होता. बारक्यानं कागद ओढला. आधी त्यानं बुटाबद्दल लिहायला घेतलं होतं. ते त्यानं खोडलं, आणि मग हात असा चालला की त्याचं त्यालाच नवल वाटलं:

‘चित्रकाराचा हात आता थकला आहे. रेघ थरथरते. ज्याला स्वतःचा हात आवरत नाही त्यानं घणचा राग काय दाखवावा? वेळेवर पेन्सिल खाली ठेवायलाही मोठं मन लागतं. ते या गृहस्थांकडे आहे का? – एक जुना वाचक.’

लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं लागोपाठ दोन कप चहा प्यायला. तिसरा कप मागवेपर्यंत पान छपाईला गेलं होतं. जाऊ दे, त्याला वाटलं. मिरचीच तर आहे.

अंक बाजारात गेला आणि आठवड्याभरात पत्रांची पोती येऊ लागली. ज्यांना इतकी वर्षं काही दिसलं नव्हतं त्यांना आता सगळीकडे थरथर दिसू लागली. जो तो जुन्या वाचकाची री ओढत होता. ‘मलाही बरेच दिवस वाटत होतं, पण बोललो नाही.’ ‘आमच्या घरी सगळ्यांचं एकमत आहे.’ एकानं चौकट कापून तिच्यावर लाल पेनानं गोल करून पाठवली होती, आणि गोल केलेल्या सगळ्या रेघा पोरीच्या हातच्या, पट्टीनं काढाव्या तशा सरळ होत्या. शिंप्यानं लिहिलं, शिवण का चुकते ते आज कळलं. शाळकरी मुलीनंसुद्धा अबोलचे वीस गुण कापले.

बारक्यानं ती पत्रं दडवायला हवी होती. पण बाई स्वतःच पोत्याशी येऊन उभ्या राहिल्या. दहा-बारा पत्रं वाचून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “ते पहिलं पत्र कुठून आलं होतं?”

“पोस्टानं,” बारक्या म्हणाला.

एवढा एक शब्द. तो उच्चारताना त्याला अजिबात अडखळायला झालं नाही, याचंच त्याला नंतर भय वाटत राहिलं.

बाईंनी दादाकडून शाई चढायची बाकी असलेली पेन्सिलची पानं मागवून घेतली. बाई कठोर नव्हत्या. पानं पाहून त्या स्वतः दादाच्या घरी गेल्या. हातातला अंक तेवढा तुम्ही पुरा करा. त्यानंतर ‘धुमसणारे’ तुमच्या मुलीनं काढावं, म्हणजे घरचं काम घरातच राहील, असं त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, याहून चांगला मार्ग असूच शकत नाही.

त्या संध्याकाळी, अकरा तारखेला, वहिनीचा फोन आला म्हणून बारक्या धावत गेला. दादा खोलीच्या मधोमध उभा होता आणि पोरगी टेबलाशी भिंतीला टेकून. दादाचा चेहरा लाल झाला नव्हता. त्यानं चित्रात काढलेल्या एकाही संतापाशी तो जुळत नव्हता.

“तूच सांग बारक्या,” तो म्हणाला. “छापलेल्या पानावर माझी पेन्सिल असते का? वाचकाला दिसते ती हिची शाई. हिची रेघ कधी थरथरली? मग पत्र लिहिणाऱ्याला कळलं कसं? त्यानं पेन्सिल पाहिलीय. आणि पेन्सिल पाहणारे या जगात दोघंच. एक मी आणि दुसरी ही.”

“बाबा, मी कशाला असं करीन?”

“आता तुला मिळालंच ना सगळं!”

बारक्याला आत्ता उमगलं. आपण एवढी साधी चूक केली? चौदा वर्षं कॉमिकच्या धंद्यात काढून, वाचकाला पेन्सिल दिसत नाही हे तो विसरला होता. “दादा,” तो म्हणाला, “पेन्सिल तर मी पण पाहिलीय.”

दादानं हात झटकला. “तू? तुला स्वतःच्या नाकावरची माशी हाकलवत नाही. तू गप बस.”

आणि तो गप बसला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरंच वाटलं. दादानंच दार लावून दिलं होतं, आता ते उघडायचं कशाला? उद्या सांगू, दादा जरा शांत झाला की.

दादा शांत झाला नाही. तो पोरीशी बोलेनासा झाला. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोघं बसायचे, आणि पान तयार झालं की दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, “तिला सांग, सातवं पान झालं.” मग वहिनी ओले हात पुसत यायची आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या लेकीला म्हणायची, “सातवं झालं गं.” बारक्या रोज जायचा. रोज जिना चढताना वाक्य जुळवायचा, आणि रोज वहिनीनं पुढ्यात ठेवलेला चहा पिऊन परत यायचा. कधी घरात कुणी आलेलं असायचं, कधी दादाचं डोकं दुखत असायचं. न सांगायला कारणं हवी असली की ती भरपूर सापडतात, आणि बारक्याला तर कुठलंच कारण दोनदा वापरावं लागत नव्हतं.

सतरा तारखेला पोरगी ऑफिसात आली. बोटांवर शाई तशीच, केस कसेबसे बांधलेले.

“काका, तू तर पाकिटं जपून ठेवतोस ना? त्या पत्राचं पाकीट असेल. त्यावर शिक्का असेल. कुठल्या पोस्टातला, कुठल्या तारखेचा. तेवढं बाबांना दाखवलं की झालं.”

बारक्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही. ‘असेल’ असंही म्हणता आलं नाही. तो म्हणाला, “शोधू या.”

मागच्या खोलीत पोती होती. दोघं जमिनीवर बसले आणि एकेक पाकीट काढून बघू लागले. ती शिक्का वाचायची, आत डोकावायची, बाजूला ठेवायची. तोही तसंच करायचा. जे पाकीट कधी नव्हतंच ते तो दोन तास शोधत होता, आणि इतक्या मन लावून की मधेच एकदा त्याला वाटलं, सापडेलही कदाचित. तिच्या गुडघ्यांवर धूळ बसली होती. “हा माणूस कोण असेल रे?” तिनं एकदा विचारलं. “मला वाटायचं, एवढं बारकाईनं बघणारा माणूस चांगला असणार.” बारक्या पाकिटात तोंड घालून बसला. आत्ता, त्यानं स्वतःला सांगितलं. आत्ता बोल, मेल्या. त्यानं पुढचं पाकीट उचललं. शेवटी ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, “सापडलं तर फोन कर हं. कधीही कर.” तो हो म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्यानंतर त्याला स्वतःची किळस यायला लागली. दाढी करताना तो आरशात फक्त गालापुरतं बघायचा. आणि एवढं होऊनही आणखी सहा दिवस गेले.

तेवीस तारखेला दुपारी बाईंनी त्याला बोलावलं. “तुमची पुतणी सकाळी येऊन गेली,” त्या म्हणाल्या. “‘धुमसणारे’ नको म्हणाली. हे काम घेतलं तर वडील म्हणतील, यासाठीच केलंस. मी खूप समजावलं, पण ऐकेना. थांबायला वेळ नव्हता हो. मी दुसऱ्या एकाला दिलं. तासाभरापूर्वी त्याची सही झाली.”

बारक्या खुर्चीचा हात धरून उभा राहिला. “ते पत्र मी लिहिलं होतं,” तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. त्या काही बोलायच्या आत तो जिन्यात होता.

दादाच्या घरी दार वहिनीनं उघडलं. दादा त्याच्या टेबलाशी होता, समोर शेवटच्या अंकाचं शेवटचं पान. पोरीचं टेबल आता आतल्या खोलीत नेलं होतं. मधलं दार अर्धं उघडं होतं. बारक्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“दादा, तिनं नाही लिहिलं. मी लिहिलं. जुना वाचक मीच. पहिल्यापासून, बुटाचं, चंद्राचं, सगळी पत्रं माझी. आणि हेही.”

दादानं मान वर केली. त्याचा उजवा हात पानावर होता, आणि आज त्यानं तो लपवला नाही. पेन्सिलचं टोक कागदावर टकटक आवाज करत होतं. बारक्याला वाटलं, आता हा उठेल, काहीतरी फेकून मारेल. त्यानं मारावं असं त्याला फार वाटत होतं.

“पोस्टमनवरून हसलो म्हणून?” दादानं विचारलं.

“हो. आणि अबोल माझी होती.”

“हो,” दादा म्हणाला. “तुझीच होती.” मग पेन्सिलकडे बघत, “मला वाटलं, तू विसरलास.”

वहिनी दारातच उभी होती. दादानं पेन्सिल खाली ठेवली, ती घरंगळत गेली आणि कुणी उचलली नाही. तो आतल्या दाराकडे बघत होता. बारा दिवस पोरीकडे न बघण्याची त्यानं शपथ घेतल्यासारखी होती, आणि आता त्याची मान तिकडून वळत नव्हती. “मला काय सांगतोस,” तो म्हणाला. “मी तर तिला... जा, तिला सांग. मग मला तिच्याकडे तोंड घेऊन जायचंय.”

बारक्या आत गेला. पोरगी पाठमोरी बसून शाई चढवत होती. तिनं सगळं ऐकलं असणार, दार काही भिंत नव्हती. ब्रश न थांबता कागदावरून जात होता, आणि त्याखाली दादाची वेडीवाकडी रेघ सरळ होत होती.

“काम गेलं ना तुझं,” बारक्या म्हणाला. “माझ्यामुळे. मी बाईंकडे जातो, पाया पडतो त्यांच्या. मी रागात होतो गं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं.”

तिनं रेघ पूर्ण केली, ब्रश पाण्यात बुडवला आणि खुर्ची वळवली. ती रडलेली नव्हती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोसता आला असता.

“पत्र तू रागात लिहिलंस, काका,” ती म्हणाली. “ते मला कळतं. बाबा बोलतातच तसं. पण त्या दिवशी आपण दोघं पाकीट शोधत बसलो होतो, तेव्हा तू कसल्या रागात होतास?”